एका छपराखालच्या निरनिराळ्या झोपा

अंड्यांसाठी कोंबड्या पाळणाऱ्याला एक गोष्ट नव्याने सांगावी लागत नाही. हिवाळ्यात दिवस लहान झाला की अंडी घटतात. मग तो शेडमध्ये दिवे लावतो आणि दिवसाचा उजेड धरून एकंदर सोळा तास प्रकाश मिळेल अशी तजवीज करतो. खाद्य तेच, पाणी तेच, कोंबडीही तीच; पण उजेड वाढला आणि अंडी वाढली. मधल्या मध्ये काय घडले? उजेडाची खबर कोंबडीच्या मेंदूला पोचली, मेंदूने ग्रंथींना हुकूम सोडला, ग्रंथींनी आपले रस रक्तात सोडले आणि अंडाशय कामाला लागले. या रसांना संप्रेरके म्हणतात. हार्मोन हा त्यांचा इंग्रजी शब्दही आता खेड्यापाड्यांतून रुळला आहे. वासरू पुढे आणले की गाय पान्हा सोडते, तेही एका संप्रेरकाचेच काम.

तेव्हा शेतकरी कुटुंबाला हा विषय परका नाही. जे कोंबडीला आणि गायीला लागू ते माणसालाही लागू आहे, आणि माणसाची झोप तर फार मोठ्या प्रमाणात या रसांच्याच हाती आहे, एवढे मात्र आपल्या ध्यानात येत नाही. गोठ्यात एखादे जनावर मलूल दिसले तर आपण त्याला आळशी ठरवत नाही. त्याचे काय बिघडले ते पाहतो. घरात मात्र पोरगा सकाळी उठला नाही की तो ऐतखाऊ, बाईला रात्री झोप लागली नाही की तिला नसत्या काळज्या फार, आणि म्हातारा पहाटे तीनला खाकरू लागला की त्याला दुसऱ्यांची झोप बघवत नाही, असा निकाल देऊन आपण मोकळे होतो.

मेंदूच्या मधोमध तुरीच्या दाण्याएवढी एक ग्रंथी असते. तिचे नाव पिनियल. तिच्यातून मेलाटोनिन नावाचे संप्रेरक निघते. अमेरिकेतील येल विद्यापीठात आरॉन लर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते १९५८ साली गुरांच्या हजारो ग्रंथींतून वेगळे काढले. दिवेलागणीनंतर अंधार दाटला की ते रक्तात चढू लागते आणि आपल्या नेहमीच्या निजायच्या वेळेआधी साधारण दोन तास त्याचा जोर जाणवू लागतो. डोळ्यांवर उजेड पडला की ते ओसरते. शरीराला रात्र झाल्याची दवंडी देणारा हा रामोशीच म्हणा. दुसरे संप्रेरक कॉर्टिसोल. ते मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींतून निघते, मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी असते, पहाटेकडे चढत जाते आणि उठायच्या वेळी भरास येते. माणसाला उठवून कामाला लावणारे ते हेच. ही दोन्ही प्रत्येकाच्या शरीरात असतात. पण त्यांचे वेळापत्रक सगळ्या वयांना सारखे नसते. शिवाय वयावयाप्रमाणे आणखी काही संप्रेरके मध्ये येतात.

तान्ह्या बाळापासूनच पाहा. पोटात असताना बाळाला मेलाटोनिन आईच्या रक्तातून मिळते. जन्मल्यावर ती नाळ तुटते, आणि बाळाचे स्वतःचे मेलाटोनिन रात्रीच्या वेळी नीट चढू लागायला दोन-तीन महिने लागतात. तोवर त्याला रात्र काय आणि दिवस काय! आईच्या रात्रीच्या दुधात मात्र मेलाटोनिन असते, दिवसाच्या दुधात जवळजवळ नसते. म्हणून रात्री अंगावर पाजताना मोठा दिवा लावू नये. उलट दिवसा बाळंतिणीच्या खोलीची खिडकी उघडी असावी. सव्वा महिना खोली रात्रंदिवस अंधारी ठेवायची रीत अजून काही घरांत आहे. त्यामुळे बाळाला दिवस ओळखायला आणखीच उशीर होतो. रडणाऱ्या बाळाला गुंगी आणणारे काहीही चाटवू नये. त्यातून बाळाचा श्वास थांबू शकतो.

पुढे मूल पाच-सात वर्षांचे झाले की बहुधा गाढ झोपते. रात्रीच्या पहिल्या प्रहरातल्या त्या गाढ झोपेत वाढीचे संप्रेरक सर्वांत जास्त पाझरते. मूल झोपेत वाढते असे जुनी माणसे म्हणत, ते अगदी खरे आहे. याच वयात अंथरूण ओले करण्याची तक्रार येते. रात्री लघवी कमी तयार व्हावी म्हणून शरीरात एक संप्रेरक वाढते. काही मुलांत ते वाढायला उशीर लागतो. पाच वर्षांच्या शंभर मुलांत पंधराएक मुलांना हा त्रास असतो आणि बहुतेकांचा तो आपोआप जातो. त्यासाठी मुलाला मारणे किंवा चारचौघांत लाजवणे म्हणजे पाऊस लांबला म्हणून नांगराला शिक्षा करण्यासारखे आहे. सात वर्षांनंतरही चालू राहिले, किंवा कोरडे राहू लागलेले मूल पुन्हा अंथरूण भिजवू लागले, तर डॉक्टरांना दाखवावे.

खरी भांडणे सुरू होतात ती मूल आठवी-नववीत गेल्यावर. वयात येताना मेंदूतून निघणारी जी संप्रेरके मुलाचा पुरुष आणि मुलीची बाई घडवतात, ती आरंभी रात्री झोपेतच जोर धरतात. त्याच सुमारास मेलाटोनिन चढायची वेळ पुढे सरकते, कुणाची तासभर तर कुणाची दोन तासांपर्यंत. अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठाच्या मेरी कार्स्काडन यांनी १९९० च्या दशकात मुलांवर केलेल्या अभ्यासातून हे पुढे आले, आणि नंतर अनेक देशांतल्या मुलांत तेच आढळले. मुलींत हा फेरा मुलांच्या आधी येतो. विशीच्या आसपास उशीर टोकाला जातो आणि मग माणूस हळूहळू परत लवकर निजू लागतो.

आता हिशेब करा. सोळा वर्षांच्या पोराला रात्री अकरापर्यंत झोपच येत नाही. त्याच्या वयाला आठ ते दहा तास झोप लागते. आणि आपण त्याला चारला हलवतो, कारण पहाटेचा अभ्यास डोक्यात राहतो असे आपल्या मनावर ठसलेले आहे. ज्याची रात्र दहाला सुरू होते त्याच्यासाठी पहाट ही पहाट असेल. या पोराच्या शरीरात चारला ऐन मध्यरात्र असते. तो पुस्तकापुढे बसतो, डोळे उघडे ठेवतो आणि काही शिकत नाही. त्यातून डेअरीत दूध घालायचे, मग तालुक्याच्या कॉलेजला जायची पहिली एस. टी. पकडायची. वर्गात तो पेंगतो त्यात नवल ते काय?

मोबाइलचा यात दोष नाही असे नाही. आधीच उशिरा येणारी झोप त्या डोळ्यांपुढच्या उजेडाने आणखी तासभर लांबते, आणि उजेडापेक्षाही त्यातला नाद वाईट. रात्री साडेनवानंतर घरातले सगळेच मोबाइल, बापाचासुद्धा, एका फडताळात ठेवावेत हे उत्तम. पण मोबाइल नव्हते तेव्हाही या वयाची मुले अशीच उशिरा जागत, हेही विसरू नये. धारेचे काम पोराकडे असेल तर सकाळची धार दुसऱ्याने काढावी, संध्याकाळची त्याला द्यावी. उठल्यावर पाऊण तास तरी तो उन्हात असावा. सकाळचे ऊन शरीराचे घड्याळ मागे ओढते.

मुलींचे तर याहून कठीण. आईबरोबर उठून पाणी भरायचे, भाकरी थापायच्या, आणि रात्री भांडी झाल्यावर अभ्यास. भाऊ निदान रविवारी लोळतो. तिला तेही नाही. मुलगी वयात आली की तिची झोप कमी झाली पाहिजे असा कुठल्याही शास्त्रात नियम नाही.

शाळांच्या वेळांचाही विचार हळूहळू होतो आहे. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने २०१९ साली कायदा केला, आणि २०२२ पासून तेथील बहुतेक माध्यमिक शाळा साडेआठच्या आत भरत नाहीत. आपल्या राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये आदेश काढला तो मात्र चौथीपर्यंतच्या वर्गांसाठी, की ते नऊच्या आत भरवू नयेत. लहानांची सोय झाली हे चांगलेच. पण लहान मूल तसेही कोंबड्याबरोबर उठते. आमच्या मते उशिराची गरज आहे ती नववी ते बारावीला.

गरोदरपणाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तेथे घरची माणसे तशीही थोडीफार दखल घेतात. पहिल्या तीन महिन्यांत प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक झपाट्याने वाढते आणि त्याचा गुणच गुंगी आणण्याचा आहे. दुपारी सून डोळे मिटून बसली तर ती कामचुकार नव्हे. शेवटच्या महिन्यांत पाय ओढल्यासारखे, मुंग्या आल्यासारखे होऊन झोप मोडते. त्यामागे पुष्कळदा रक्तातल्या लोहाची कमतरता असते. म्हणून आरोग्य केंद्रातल्या गोळ्या ताकाबरोबर फेकून देऊ नयेत, घ्याव्यात. सातव्या महिन्यापासून कुशीवर झोपावे, उताणे नको.

बाळंतपणानंतर दोन-चार दिवसांत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही दोन्ही संप्रेरके एकदम खाली येतात. विहिरीचे पाणी एका रात्रीत तळाला जावे तशी ही पडझड असते. पहिल्या आठवड्यात उगीच रडू येणे त्यातलेच, ते बहुधा निवळते. पण बाळ झोपलेले असताना, अंग थकलेले असताना, सगळी निजानीज झालेली असतानाही बाळंतिणीला झोप येत नसेल, आणि असे दोन आठवडे चालले, किंवा ती बाळाविषयी किंवा स्वतःविषयी भलतेसलते बोलू लागली, तर अंगारे-धुपाऱ्यात दिवस घालवू नयेत. तो आजार आहे आणि त्यावर औषध आहे. भलतेसलते बोलणे सुरू झाले तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. सरकारची टेलिमानस ही फोनसेवा २०२२ पासून आहे. १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

आता ज्या वयाविषयी घरात कोणीच बोलत नाही त्याकडे वळतो. आपल्या देशात स्त्रीची पाळी साधारण सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या सुमारास जाते. पण ती जाण्याआधी चार-पाच वर्षे संप्रेरकांचा खेळ सुरू झालेला असतो. बाई रात्री एकाएकी जागी होते. छातीपासून डोक्यापर्यंत वाफ उठल्यासारखी होते, कपाळ आणि मान घामाने थबथबते, पदर भिजतो. पाचेक मिनिटांत सारे थंड होते आणि मग थंडी वाजते. डोळा लागतो न लागतो तोच पुन्हा तेच. असे रात्रीतून चार-पाच वेळा. सकाळी उठून ती चुलीपुढे बसते, दिवसभर खुरपते, आणि चिडचिड करते म्हणून बोलणी खाते.

"आत्याबाई, रात्री अंग पेटल्यागत होतंय बघा," असे एखादी सून धीर करून म्हणते. त्यावर उत्तर येते, "मलाबी व्हायचं गं. सांगायचं कुणाला?" दोन पिढ्यांनी एकाच घरात एकच दुखणे असे मुकाट काढलेले असते.

याचे कारण मेंदूत आहे. अंड्यांच्या उबवणी यंत्रात तापमान सांभाळणारी कळ असते, तशी शरीराचे तापमान सांभाळणारी जागा मेंदूत असते. इस्ट्रोजेन घटले की ती जागा फार हळवी होते. अंग किंचित तापले तरी तिला वाटते की भट्टी पेटली. मग ती कातडीखालच्या रक्तवाहिन्या फुलवते आणि घाम सोडते. प्रोजेस्टेरॉनही घटलेले असते, म्हणजे गुंगी आणणारा सोबतीही गेला. शिवाय ते श्वासाला आधार देत असते. म्हणून या वयानंतर बायका घोरू लागतात, आणि काहींचा श्वास झोपेत मधूनमधून अडतो. जोराने घोरणे आणि दिवसा पेंग या दोन गोष्टी एकत्र दिसल्या तर तपासून घ्यावे.

हा त्रास किती दिवस? अमेरिकेत हजारो स्त्रियांची वर्षानुवर्षे पाहणी करून २०१५ साली जो निष्कर्ष प्रसिद्ध झाला त्यानुसार, ज्यांना वाफा वारंवार येत त्यांच्यातल्या निम्म्या जणींचा त्रास सात वर्षांहून अधिक चालला. सात वर्षे अर्धी झोप घेऊन राबायचे, ही काही सोसून सोडून देण्याची बाब नाही.

ऊसतोडीच्या बायकांची गोष्ट तर याहून दारुण आहे. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या गर्भपिशव्या काढण्याच्या शस्त्रक्रियांवरून गदारोळ झाला आणि राज्य सरकारने समिती नेमली. तेव्हाच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींच्या गर्भपिशव्या काढलेल्या आढळल्या. पाळीत कामाचा खाडा पडतो, खाड्याचे पैसे मुकादम कापतो, पांढरे जाते म्हणून तपासायला गेले तर कॅन्सरची भीती घातली जाते. या साऱ्यातून तिशी-पस्तिशीच्या बाया शस्त्रक्रियेला तयार झाल्या. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयेही काढली तर इस्ट्रोजेन त्याच दिवशी तुटते. निसर्ग जे पाच-सात वर्षांत हळूहळू करतो ते एका दिवसात होते. अंडाशये ठेवली तरी पुष्कळ जणींत ती थोडी आधीच थकतात. मग तिशीतच वाफा, घाम, हाडे दुखणे, आणि पहाटे तीनला उठून फडावर जायचे असताना रात्रभर डोळ्याला डोळा नाही. झोप गेली ती त्या शस्त्रक्रियेमुळे, हेही पुष्कळींना कोणी सांगितलेले नसते.

तेव्हा पिशवी काढा असे कोणी म्हणाले तर सरकारी रुग्णालयातल्या स्त्रीरोगतज्ज्ञाचे मत घेतल्यावाचून होकार देऊ नये, आणि अंडाशये राहणार की जाणार हे स्पष्ट विचारावे. शस्त्रक्रिया होऊन गेली असेल तर निघताना मिळालेल्या कागदावर काय काय काढले ते लिहिलेले असते. तो कागद जपावा. पंचेचाळिशीच्या आत अंडाशये गेलेल्या स्त्रीला, स्तनाच्या कॅन्सरसारखी काही अडचण नसेल तर, निदान पाळी जाण्याच्या नेहमीच्या वयापर्यंत संप्रेरकाच्या गोळ्या देण्याचा सल्ला तज्ज्ञ साधारणपणे देतात. हा सल्ला खेड्यापर्यंत फारसा पोचलेला नाही.

या गोळ्यांची भीती पुष्कळ आहे. २००२ साली अमेरिकेतला एक मोठा प्रयोग मध्येच थांबवला गेला, त्यात स्तनाच्या कॅन्सरचे आणि रक्ताच्या गुठळ्यांचे प्रमाण थोडे वाढलेले दिसले होते. पुढे वयाप्रमाणे आकडे तपासले तेव्हा कळले, की साठीच्या आतल्या किंवा पाळी जाऊन दहा वर्षे न झालेल्या, एरवी निरोगी स्त्रीला त्रास फार असेल तर बहुधा तोट्यापेक्षा फायदा जास्त. ज्यांना स्तनाचा कॅन्सर, गुठळी किंवा पक्षाघात होऊन गेला आहे त्यांनी मात्र घेऊ नयेत. दुकानातून आपल्या मनाने तर कोणीच घेऊ नयेत. गोळ्या नको असतील तर खिडकीजवळची जागा, सुती पातळ, रात्री तिखट आणि चहा बंद, उशाशी गार पाण्याचा तांब्या, एवढ्यानेही थोडा उतार पडतो. आणि एक लक्षात ठेवावे: पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्त दिसले तर ते अंगावर काढू नये.

याच वयात थायरॉईड या गळ्यातल्या ग्रंथीचीही तपासणी करून घ्यावी. तिचा रस जास्त झाला तर छाती धडधडते आणि झोप उडते. कमी झाला तर दिवसभर सुस्ती येते. दोन्ही गोष्टी वयावर ढकलल्या जातात, आणि रक्ताच्या साध्या तपासणीत कळणारा आजार वर्षानुवर्षे तसाच राहतो.

पुरुषांच्या झोपेचा वैरी संप्रेरकांपेक्षा मोटर आहे असे कोणी म्हटले तर ते खोटे नाही. शेतीपंपाला रात्रीची वीज, म्हणजे रात्री दोनला बांधावर. २०१७ पासून सौर कृषी वाहिनीची योजना सुरू झाली आणि काही भागांत दिवसा वीज मिळू लागली. इतरांची रात्रपाळी सुटलेली नाही. पुरुषाचे टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक मुख्यतः झोपेत तयार होते. शिकागोत २०११ साली दहा निरोगी तरुणांना आठवडाभर रोज पाचच तास झोपू दिले, तेव्हा त्यांचे दिवसाचे टेस्टोस्टेरॉन दहा ते पंधरा टक्क्यांनी घसरले. भूक वाढवणारे संप्रेरक जागरणाने वाढते आणि साखर आवरणारे इन्सुलिन मंद पडते. रात्री पाणी देणारा माणूस अंगाने सुटतो आणि पुढे मधुमेहाकडे झुकतो, त्यात या जागरणाचाही वाटा आहे. पाणी देऊन आल्यावर डोळ्यांवर ऊन घेत ओट्यावर बसू नये. आतल्या अंधाऱ्या खोलीत, कानावर उपरणे घेऊन सरळ झोपावे. त्या चार तासांत त्याला फोनवर बोलवायचे नाही, हे घरच्यांनी पाळावे.

राहता राहिले आजोबा-आजी. गाढ झोप वृद्धापकाळीच कमी होते असा आपला समज आहे. पण पुरुषांत ती फार लवकर घटते. १४९ निरोगी पुरुषांच्या झोपेचे मोजमाप २००० साली प्रसिद्ध झाले. त्यात पंचविशीपर्यंत रात्रीचा जवळजवळ पाचवा भाग गाढ झोपेचा होता, आणि पस्तिशी ते पन्नाशीत तो चार टक्क्यांच्याही आत आला होता. त्याबरोबर वाढीचे संप्रेरकही आटले होते. पुढे पन्नाशीनंतर रात्रीचे कॉर्टिसोल वाढू लागते आणि मेलाटोनिन कमी होऊन लवकर ओसरते. म्हणून म्हातारा आठला पेंगतो आणि तीनला उठून बसतो. नातवाच्या शरीरात पहाट उशिरा होते, आजोबांच्या शरीरात लवकर. संध्याकाळी पाच-सहाच्या उन्हात त्यांनी पाराकडे चक्कर मारली आणि जेवल्यावर उजेडात गप्पा मारत बसले, तर पहाटेची जाग थोडी पुढे ढकलता येते. झोपेच्या गोळ्या या वयात शक्यतो टाळाव्यात. रात्री लघवीला उठताना झोक जाऊन मांडीचे हाड मोडल्याची उदाहरणे गावोगाव आहेत.

आणि ते लघवीला उठणे? लहान मुलात जे संप्रेरक रात्री वाढायला उशीर लागतो, तेच म्हातारपणी रात्री पुरेसे वाढेनासे होते. म्हणून रात्रभर लघवी तयार होतच राहते. पण प्रत्येक वेळी कारण हेच असेल असे समजू नये. रात्रीतून दोनापेक्षा अधिक वेळा उठावे लागत असेल तर रक्तातली साखर आणि पुरुषांनी प्रोस्टेटची ग्रंथी तपासून घ्यावी. रक्तदाबासाठी किंवा पायावरच्या सुजेसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल आणि ती संध्याकाळी घेतली जात असेल, तर ती सकाळी घेतलेली चालेल का, हे पुढच्या खेपेस डॉक्टरांना विचारावे.